बाहुली टाचणीएवढी, अंग ओलं : पॅरामेडिक विद्यार्थ्यांना विषबाधा शिकवतानाचं एक प्रकरण

रुग्णाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वेळा आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आहे तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मी गोव्यात पॅरामेडिक विद्यार्थ्यांना विषबाधा आणि ओव्हरडोस हा भाग शिकवते. मुलं पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे अशा भागांतून येतात. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत, आपसातली कुजबुज कोकणीत, असा आमचा वर्ग. या भागाला सगळे मिळून बारा तास. त्यात कीटकनाशकं, उंदराचं औषध, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, दारू, किनाऱ्यावरचे अमली पदार्थ, पावसाळ्यात चुकून खाल्लेली अळमी, सगळं कोंबायचं.

बारा तासांत एवढं बसवायचं तर तक्ता हवाच, म्हणून मी एक तक्ता केला होता. आडव्या ओळींत टॉक्सिड्रोम, म्हणजे एकेका जातीच्या विषाची एकत्र येणारी लक्षणं. उभ्या रकान्यांत डोळ्याची बाहुली, श्वास, नाडी, त्वचा, आतड्यांचे आवाज. पहिला रकाना बाहुलीचा. बाहुली टॉर्च मारला की दिसते, मोजता येते, परीक्षेत हमखास विचारतात. मुलांनी तो तक्ता लॅमिनेट करून खिशात ठेवला होता, आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

गोव्याबद्दल एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. पेडण्यासारख्या तालुक्यात किनारा आणि काजूचे डोंगर यांत दुचाकीवर अर्ध्या तासाचंही अंतर नसतं. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर पर्यटकांचा हंगाम असतो आणि त्याच दिवसांत काजू मोहरते. मोहरावर ढेकण्या ही कीड पडते, आणि ढेकण्यावर फवारणी होते. त्यामुळे सकाळी बागायतीत पंप पाठीवर घेणारा आणि संध्याकाळी शॅकमध्ये ट्रे घेऊन फिरणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो. आम्ही शिकवताना मात्र 'शेतकऱ्याची विषबाधा' आणि 'किनाऱ्यावरचा ओव्हरडोस' असे दोन वेगळे धडे करतो.

प्रसंग

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. संध्याकाळी ६:३५ ला १०८ ला फोन गेला. किनारपट्टीवरच्या भाड्याच्या खोलीत २४ वर्षांचा तरुण बेशुद्ध पडला आहे, 'काहीतरी घेतलंय' असं फोन करणाऱ्या मित्राने सांगितलं. रुग्णवाहिका ६:५२ ला पोचली. गाडीत अनुभवी ईएमटी (रुग्णवाहिकेत उपचार करणारा तंत्रज्ञ), पायलट (आमच्याकडे चालकाला पायलट म्हणतात) आणि प्रात्यक्षिकासाठी आलेली माझी डिचोलीची विद्यार्थिनी.

खोलीत दृश्य असं : जमिनीवर चटईवर मुलगा, लांब केस, दंडावर टॅटू, अंगात जॅकेट. कोपऱ्यात बियरच्या दोन बाटल्या. मित्र एका सुरात सांगत होते, 'काल पार्टी होती.' दारात पाच-सात जण, त्यातला एक मोबाईलवर चित्रण करतोय.

तपासणीत नाडी ४८, रक्तदाब ९६/६०, श्वास मिनिटाला १० आणि घरघरणारा, ऑक्सिजन ८२ टक्के. जोरात चिमटा काढला की हात आखडायचा, एवढीच शुद्ध. साखर २१२. आणि दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

ईएमटीने ऑक्सिजन लावला, शीर मिळवली आणि ७ वाजता नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांवरचा उतारा) ०.४ मिलिग्रॅम दिलं. फरक पडला नाही. ७:०५ ला पुन्हा तेवढंच दिलं. त्यानेही काही झालं नाही. ७:१२ ला रुग्ण गाडीत घेतला. नोंदीच्या कागदावर तोपर्यंत लिहून झालं होतं : 'संशयित ड्रग ओव्हरडोस.'

गाडीचा मागचा दरवाजा बंद झाला, खिडक्या बंदच होत्या. दोन-तीन मिनिटांत पुढच्या जाळीतून पायलट म्हणाला, "म्हाका काजीच्या वखदाचो वास येता." म्हणजे काजूवर मारायच्या औषधाचा. त्याची स्वतःची काजूची बागायत आहे. ईएमटीने आधी दुर्लक्ष केलं. पायलटने गाडी कडेला घेतली, खिडक्या उघडल्या आणि मित्राला फोन लावायला सांगितलं. मित्राकडून मामाचा नंबर मिळाला. मामा सुरुवातीला काही कबूल करेना. पोलिसांची भानगड होईल या भीतीने तो 'आमच्याकडे आलाच नाही' म्हणत राहिला. पायलटने त्याला आपल्या भाषेत दोन शब्द सुनावले, तेव्हा कळलं की पोरगा सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत काजूवर फवारणी करत होता. पंप गळका होता, पाठ भिजली होती. आंघोळ न करता, त्याच शर्टावर जॅकेट चढवून तो खोलीवर आला होता.

मामाने व्हॉट्सॲपवर बाटलीचा फोटो पाठवला. लेबलवर विषाची तीव्रता सांगणारा पिवळा त्रिकोण, आत प्रोफेनोफॉस. म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक.

अडचण नेमकी कुठे होती

या चुकीला 'निष्काळजीपणा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी सगळ्यांशी वेगवेगळं बोलले आणि मला वेगळंच दिसलं. ऑर्गनोफॉस्फरसची जवळजवळ सगळी लक्षणं त्या खोलीत हजर होती, आणि प्रत्येक लक्षणाला शेजारीच दुसरं, पटण्यासारखं कारणही उभं होतं.

अंग भिजलेलं होतं; पण शुद्धीवर यावा म्हणून मित्रांनी त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं. पँट ओली होती. बियर प्यायलेल्याची पँट ओली झाली तर कोण चकित होईल? तोंडाशी फेस होता. अफूजन्य पदार्थांच्या ओव्हरडोसमध्येही फुफ्फुसांत पाणी होऊन फेस येऊ शकतो. छातीत घरघर होती. उलटी श्वासनलिकेत गेली असेल. साखर वाढलेली होती. साखर कमी नाही एवढंच पाहून पुढे जायचं असतं. खरं तर ऑर्गनोफॉस्फरसमध्ये साखर वाढलेली सापडते, पण ते आमच्या तक्त्यात नव्हतं.

आणि पोटरी. माझ्या विद्यार्थिनीने पाय सरळ करताना पोटरीला हात लावला होता. "मॅडम, कातडीखाली किडे वळवळल्यासारखं होत होतं," ती मला नंतर म्हणाली. स्नायूंची ही बारीक फडफड म्हणजे फॅसिक्युलेशन. अफूच्या ओव्हरडोसमध्ये ते या तऱ्हेने दिसत नाही. तेवढ्या एका खुणेवर सगळं उलटायला हवं होतं. पण पाणी ओतलंय, डिसेंबरची संध्याकाळ आहे, थंडीने कुडकुडत असेल असं तिला वाटलं. आणि वाटलं नसतं तरी ती बोलली नसती, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. समोर दहा वर्षं गाडीवर असलेला माणूस होता, आणि तिच्या खिशात माझा तक्ता. तक्त्याची पहिली ओळ म्हणत होती : बाहुली टाचणीएवढी, श्वास संथ, शुद्ध हरपलेली, म्हणजे अफूजन्य पदार्थ.

तक्त्यात खाली ऑर्गनोफॉस्फरसच्या ओळीतही 'बाहुली टाचणीएवढी' लिहिलेलं होतं, माझ्याच हस्ताक्षरात. पण उपयोग नव्हता. तक्ता वरून वाचतात; पहिली ओळ जुळली की दुसरी कोण वाचतं?

थोडं शरीरशास्त्र सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. ऑर्गनोफॉस्फरस ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं. चेतापेशींमधला निरोप्या, ॲसिटिलकोलिन, मग मोडला जात नाही, साचत जातो. ग्रंथी वाहू लागतात : घाम, लाळ, अश्रू, छातीतला चिकट स्राव. नाडी मंदावते, श्वासनलिका आवळतात, पोट-मूत्राशय रिकामं होतं. स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. रुग्ण मरतो तो मुख्यतः स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडून आणि श्वासाचे स्नायू थकून. अफूजन्य पदार्थ मेंदूतलं श्वासकेंद्रच झोपवतात. तिथे श्वास थांबतो, पण माणूस असा सगळीकडून पाझरत नाही. बाहुली दोन्हीकडे बारीक. फरक आहे तो ओलाव्यात.

फवारणीने, न पिता, एवढं होतं का, असं वर्गात नेहमी विचारतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मराठी वर्तमानपत्रांनी महिनाभर छापलं होतं. कातडीतून विष आत जातं, आणि भिजलेला शर्ट अंगावर असेपर्यंत जातच राहतं.

त्या संध्याकाळच्या निर्णयांच्या जागा

पहिली : नॅलोक्सोन द्यायचं की नाही? माझं मत, दिलं ते बरोबरच. अशा चित्रात ते देऊन पाहण्यात फारसा धोका नाही. चूक आहे ती दुसऱ्या डोसच्या वेळची. शिरेतून दिलेल्या नॅलोक्सोनचा परिणाम एक-दोन मिनिटांत दिसायला लागतो. काहीच झालं नाही, तर 'डोस कमी पडला' आणि 'निदान चुकलं' या दोन शक्यता असतात. ईएमटीने पहिली धरली आणि वाट पाहिली. त्या वाट पाहण्यात सक्शन (घशातला स्राव ओढून काढणं) मागे पडलं, ॲम्बू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास देणं मागे पडलं. ओव्हरडोस खरा असता तरी आधी श्वास द्यायचा, नॅलोक्सोन नंतर; हे वाक्य आम्ही शिकवतो, पण औषध हातात आलं की हात औषधाकडेच जातो.

दुसरी : कपडे. जॅकेट खोलीतच काढून ठेवलं, कारण शीर शोधायला दंड मोकळा हवा होता. शर्ट मात्र अंगावरच राहिला. पायलटला वास आल्यानंतर तो कापून काढला, दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधला, गाडीतल्या पाण्याच्या बाटल्यांनी आणि हात धुण्याच्या साबणाने पाठ धुतली. ते सगळं हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. या भागात पायलट आणि विद्यार्थिनीने केलेलं काम उत्तम होतं.

तिसरी : ॲट्रोपिन, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरसवरचा उतारा, किती. १०८ च्या कंट्रोलमधल्या डॉक्टरांनी फोनवर तीन अँप्यूल (काचेच्या कुप्या) सांगितले. आपल्याकडे एक अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचा, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. ते ७:२० ला दिलं. पाच मिनिटांनी छाती तशीच घरघरत होती, म्हणून दुप्पट, सहा अँप्यूल. पेटीत एकूण दहाच होते. उरलेला एकही देऊन टाकला. नाडी ८८ वर आली, घरघर कमी झाली, थांबली नाही.

चौथी : रस्ता. चोपडे-शिवोली पुलावरून म्हापसा जवळ, पण वर्षअखेरीच्या आठवड्यात शिवोलीत गाड्यांची रांग. राष्ट्रीय महामार्ग लांबचा, पण वाहता. पायलटने महामार्ग धरला. ७:५० ला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय. मी त्याच्या जागी असते तर अंतर पाहून पूल धरला असता आणि बहुतेक अडकले असते.

पोहोचण्यापासून ॲट्रोपिनपर्यंत २८ मिनिटं गेली.

शिकवण्याचं काय करायचं : समोरचे पर्याय

आढाव्याच्या बैठकीत पहिली सूचना आली ती अशी की विद्यार्थ्यांना गाडीत फक्त निरीक्षक म्हणून बसवा, हात लावू देऊ नका. मला हे उलटं वाटलं. त्या गाडीत फडफड ज्या हाताला लागली तो विद्यार्थिनीचाच होता.

दुसरी सूचना, तक्त्यात लाल अक्षरात टीप घालायची : 'बाहुली बारीक असेल तर ऑर्गनोफॉस्फरसचाही विचार करा.' स्वस्त आणि झटपट. सहकाऱ्यांना ही पसंत होती. पण 'विचार करा' अशा टिपा वाचून रात्री कुणी विचार करत नाही.

तिसरा पर्याय, विषबाधेचे तास वाढवून मागायचे. मागितले, मिळाले नाहीत. परिचर्येची बाजू, प्रसूती, हृदयविकार, अपघात, सगळ्यांनाच तास हवे असतात. त्यात कोणाचा दोष नाही.

चौथा पर्याय, आहे त्या बारा तासांत क्रम बदलायचा. तक्ता शेवटी, हात आधी. तोच घेतला.

काय केलं

पहिल्या दोन सत्रांत तक्ता द्यायचा नाही असं ठरवलं. टॉर्चही नाही. चार खाटा, चार पुतळे किंवा पुतळ्याच्या जागी झोपलेले विद्यार्थी. डोळ्यांवर कापडी पट्टी, म्हणजे बाहुली पाहायचीच सोय नाही. हाताने, कानाने काय कळतं ते सांगायचं. अंग ओलं की कोरडं? गरम की गार? पोट गुरगुरतं की गप्प? छातीत काय? काखेत हात घाला, असा आमचा नियम. डोक्यावर कोणी पाणी ओतलं तरी काखेत सहसा पोचत नाही. मला ही युक्ती त्या खोलीतल्या बादलीनेच शिकवली.

घामासाठी ग्लिसरीन घातलेलं पाणी, स्रावासाठी साबुदाण्याची पातळ पेज. पेज ही माझ्या आईची कल्पना. सक्शनच्या नळीत ती खऱ्या स्रावासारखीच अडकते आणि मुलं वैतागतात, तेच हवं असतं. फडफड दाखवणं जमेना. शेवटी एका मुलाने जुना मोबाईल कंपनावर ठेवून पुतळ्याच्या पोटरीच्या कव्हरखाली सरकवला. खऱ्याच्या जवळपास जातं.

वासाचा प्रयोग मात्र फसला. रॉकेल लावलेली चिंधी बरणीत ठेवली होती, आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कोणालाच काही कळलं नाही. नंतर मी तो प्रयोग काढूनच टाकला. वासावर भर दिला तर मुलं नाक जवळ नेतील, आणि ते शिकवायचं नाही. वास आपोआप आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये, एवढंच सांगते. शिवाय गाडीत तिसरा माणूस बोलला तर ऐकायचं. पायलटला आता विषबाधेच्या एका सत्राला बोलावतो. बागायतीत काय, कधी, कसं मारतात, पंप कुठे गळतो, हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो.

दुसरा बदल : ठिकाण आणि रोग यांची जोडी मुद्दाम तोडली. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये विदेशी पर्यटक बेशुद्ध, निघते साखर कमी. सत्तरीतल्या घरात ७८ वर्षांची आजी, कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या, मूत्रपिंड थकलेलं. बाहुली बारीक, अंग कोरडं, श्वास मिनिटाला सहा. हिला नॅलोक्सोन हवं, तेही बेताने : श्वास सुधारला की थांबायचं, तिला खडबडून उठवून वेदनेत लोटायचं नाही. शिवाय नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून 'आता बरी आहे' म्हणून घरी सोडून यायचं नाही. कॉलेजातला मुलगा, अंग तापलेलं, कोरडं, बडबडतोय, बाहुल्या मोठ्या; खिशात धोतऱ्याच्या बिया. यातलं एकही प्रकरण 'त्या भागातलं' वाटू नये, हा हेतू.

तिसरा, अँप्यूल फोडण्याचा सराव. डिस्टिल्ड वॉटरचे अँप्यूल, घड्याळ लावून. ॲट्रोपिन म्हणजे एक अँप्यूल, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, कारण इतरत्र तेवढंच पाहिलेलं असतं. सहा फोडायला सांगितले की हात थांबतात. एकट्याने दहा अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये घ्यायला आमच्या मुलांना सरासरी चार मिनिटं लागली, दोन जणांची बोटं कापली. म्हणून एकाने फोडायचे, दुसऱ्याने ओढायचे आणि तिसऱ्याने छाती ऐकत राहायचं, अशी जोडणी केली.

इथे बाहुली दुसऱ्यांदा फसवते. ॲट्रोपिन कुठवर द्यायचं? बाहुली मोठी होईपर्यंत नव्हे. ती कधीकधी उशिरा बदलते. नाडी वाढली म्हणून थांबायचं असंही नाही. छाती कोरडी आणि मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, हे पाहायचं. दर पाच मिनिटांनी पाहायचं, सुधारणा नसेल तर मागचा डोस दुप्पट. रुग्णालयात पुढे सलाईनमधून सतत चालू ठेवतात.

मीठपाणी, चिंच, ताक पाजून उलटी करवणं हे घरोघरी होतं. रागवायचं नाही, थांबवायचं. ही औषधं पेट्रोलियमसारख्या द्रावकात असतात. उलटी छातीत गेली तर नवं संकट. बाटली शोधून त्रिकोणाचा रंग आणि घटकाचं नाव टिपायचं : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो मुलांच्या मोबाईलमध्ये वर्गातच साठवून घेते.

परिणाम

मुलगा वाचला. म्हापशाला ॲट्रोपिन पुढे चालू केलं, त्याच रात्री बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, हलवलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, बोलला. तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून डोकं उचलता येईना. मानेचे स्नायू आधी लुळे पडणं ही 'इंटरमीडिएट सिंड्रोम'ची नेहमीची खूण. साधारण २४ ते ९६ तासांत दिसते. तिथल्या परिचारिकेने ती वेळीच टिपली. पाच दिवस व्हेंटिलेटर, अकराव्या दिवशी घरी. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण गाडीतून उतरवला की प्रकरण संपलं असं त्यांना वाटतं.

दुसरा परिणाम सांगायला अवघड आहे. 'ड्रग ओव्हरडोस' हा शब्द खोलीत मोठ्याने उच्चारला गेला, मोबाईलमध्ये टिपला गेला आणि रुग्णालयाच्या आधी गावात पोचला. आईला मुलगा आजारी आहे हे कळण्याआधी तो 'ड्रग्ज घेतो' हे शेजारणीने सांगितलं. आणि कीटकनाशक निघाल्यावर तीच जीभ दुसऱ्या टोकाला गेली : 'म्हणजे प्यायला असेल. प्रेमभंग.' कॅज्युअल्टीतही त्याला तीनदा विचारलं गेलं, 'का घेतलंस?' त्याने काही घेतलंच नव्हतं. तो दिवसाच्या मजुरीसाठी मामाची काजू फवारत होता.

प्यायला असता तरी भाषा बदलायला हवी होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे. पॅरामेडिकने चौकशी अधिकारी व्हायचं नाही. रुग्णालयात नोंद होते ती होऊ दे. तणावातल्या माणसाला किंवा घरच्यांना टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक देता येतो, तो आमच्या कार्डावर छापला आहे.

वर्गात काय फरक पडला? पुढच्या तुकडीत सोळा जण होते. चाचणीत शॅकमधल्या ऑर्गनोफॉस्फरसच्या रुग्णाला तेराजणांनी ओळखलं. मी खूश. मग पुढच्या खाटेवर ५५ वर्षांचा, दरदरून घाम फुटलेला, छातीत दुखणारा माणूस ठेवला आणि चौघांनी त्यालाही ॲट्रोपिन काढलं. बाहुलीची जागा घामाने घेतली होती, एवढंच. आता एकट्या ओलाव्यावर निदान नाही : त्वचेबरोबर छाती, आणि स्नायू, तिन्ही सांगितल्याशिवाय औषधाच्या पेटीला हात नाही. पुढच्या तुकडीला यातून नवा घोळ काय निघेल ते बघायचं.

पुन्हा करायचं झालं तर

ईएमटीला मी आढाव्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर बसवायला नको होतं. तो त्यानंतर महिनाभर प्रत्येक कॉलवर फोनवरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑक्सिजनही वाढवत नव्हता. आधी एकट्याशी बोलायला हवं होतं, आणि तक्ता माझा होता हे त्याच्यासमोर आधी मी कबूल करायला हवं होतं.

कागदावर निदान लिहिण्याची घाई मी आता विद्यार्थ्यांना करू देत नाही. रुग्ण सोपवताना दिसलं-ऐकलं-लागलं तेच सांगायचं : 'बाहुल्या बारीक, अंग ओलं, छातीत घरघर, नॅलोक्सोन दोनदा देऊन उपयोग नाही.' हे वाक्य त्या दिवशी म्हापशात कुणी उच्चारलं असतं तर पायलटचं नाक नसतं तरी डॉक्टरांनी ओळखलं असतं. पेटीत ॲट्रोपिनचे अँप्यूल वाढवून मागण्याचा अर्ज केला आहे.

आणि जॅकेट. शर्ट पिशवीत बांधला, पण खोलीत काढलेलं जॅकेट चटईवरच राहिलं. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी आढाव्यात सगळ्यांना सगळं विचारलं, हे नाही विचारलं. दोन दिवसांनी मुलाची आई खोलीवर कपडे न्यायला गेली, जॅकेटला उलटीचा वास येत होता म्हणून तिथेच दगडावर, उघड्या हातांनी धुतलं. संध्याकाळी तिला डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक. ती उपासतापास आणि जागरणावर ढकलून गप्प बसली. आठवड्याने मुलाच्या खाटेशी बसून माझ्या विद्यार्थिनीला सहज बोलता बोलता हे सांगितलं, तेव्हा कळलं.

आता आमच्या नोंदीच्या कागदावर, रुग्ण सोपवल्याच्या सहीच्या वर, एक ओळ वाढवली आहे : अंगावरचे सगळे कपडे, चपला, पट्टा आता कुठे आहेत, आणि ते हाताळणाऱ्याला कोणी सांगितलं?